दुकान अत्यावश्यक, दुकानातला नोकर?

२० एप्रिल २०२१ रोजी रात्री आठ वाजल्यापासून महाराष्ट्रातील किराणा, भाजीपाला, दूध, फळे यांची दुकाने सकाळी सात ते अकरा एवढ्या चार तासांतच उघडी ठेवावीत, असा आदेश राज्य शासनाने लागू केला. करोनाची दुसरी लाट त्या वेळी ऐन भरात होती. रस्त्यावरील वर्दळ कमी व्हावी, हा आदेशामागील हेतू स्वच्छ होता आणि त्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तथापि माणसाला लागणारे गहू-तांदूळ, तेल-मीठ काही वेळापत्रक पाहून कमी होत नसते. गिऱ्हाइके तेवढीच राहिली, त्यांची गरज तेवढीच राहिली, उलट उद्या काय होईल या धास्तीने ती थोडी वाढलीच. घटला तो केवळ वेळ. दिवसभराची गर्दी चार तासांच्या चिमट्यात सापडली. यवतमाळच्या दत्त चौकात काय किंवा पुसद, वणी, दिग्रस, उमरखेडच्या बाजारपेठांत काय, सकाळी साडेदहाच्या सुमारास जे दृश्य दिसे ते आठवून पाहावे. दुकानाबाहेर चुन्याने आखलेली वर्तुळे पुसट होत चाललेली, त्यांच्या आत कोणी उभे नाही, आणि दोरीला टेकून पिशव्या पुढे करणारे पंधरा-वीस हात.

या हातांच्या पलीकडे जो उभा होता, त्याचा विचार त्या आदेशात शोधू जाता सापडत नाही. फळीवरून डबे उतरविणारा, काट्यावर साखर जोखणारा, पुड्या बांधणारा, सामानाची यादी ओरडून वाचणारा हा माणूस दुकानाचा मालक नव्हे. तो नोकर होय. त्याच्याविषयी समाजाने कृतज्ञता व्यक्त केली नाही असे नाही. डॉक्टर, परिचारिका, पोलीस, सफाई कामगार यांच्या नामावळीत क्वचित त्याचेही नाव भाषणांतून येऊन गेले. परंतु त्याच्या आरोग्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नाही आणि आज इतक्या वर्षांनंतरही तो विचारला गेलेला नाही. उलट मधल्या काळात कायद्याची पावले ज्या दिशेने पडली आहेत ती पाहता, या प्रश्नाचे उत्तर ‘कोणाचीच नाही’ असे कायमचे ठरून जाण्याचा संभव अधिक आहे.

यवतमाळ हा सोळा तालुक्यांचा, २०११ च्या जनगणनेनुसार २७ लाख ७२ हजार लोकवस्तीचा जिल्हा. कापसाचा जिल्हा म्हणून त्याची ओळख असली, तरी शेतीत न सामावणाऱ्या तरुणांची जी पिढी तालुक्यांच्या गावी येऊन राहते, तिचा मोठा भाग दुकानांतूनच पोट भरतो. किराण्याच्या दुकानात मालक, त्याचा मुलगा किंवा भाऊ आणि दोन ते चार नोकर, असा साधारण संसार असतो. अलीकडे मोठ्या गावांतून जिन्नस स्वतः उचलून टोपलीत टाकावयाचे व दाराशी पैसे चुकते करावयाचे अशा धर्तीची दुकानेही निघाली आहेत. त्यांना सुपर मार्केट असे भारदस्त नाव आहे, कामाला गणवेश आहे, डोक्यावर पंख्याऐवजी वातानुकूलन यंत्र आहे. पण दहा-बारा तास उभे राहणे, बसावयास स्टूल नसणे आणि आजारी पडल्यास त्या दिवसाचा रोज कापला जाणे, या बाबतीत जुन्या पेढीवरील नोकर आणि नव्या दुकानातील ‘कर्मचारी’ यांच्यात फारसे अंतर नाही. महाराष्ट्रात सहकारी भांडाराची कल्पना १९४८ साली मुंबईच्या नायगावात ‘अपना बाजार’च्या रूपाने रुजली, ती गिरणी कामगारांच्या पुढाकाराने, कामगारांनी कामगारांसाठी काढलेले दुकान, असा तिचा अर्थ होता. आजच्या सुपर मार्केटच्या झगमगाटात त्या अर्थाचा मागमूसही उरलेला नाही, हे जाता जाता नमूद करावयास हवे.

करोना यवतमाळात आला तो मार्च २०२० च्या मध्यास, दुबईहून परतलेल्या प्रवाशांबरोबर. म्हणजे राज्यात ज्या जिल्ह्यांना या रोगाने प्रथम गाठले त्यांत हा दूरचा, विमानतळाचा संबंध नसलेला जिल्हाही होता. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेची चाहूल लागली तीही अमरावती, अकोला यांबरोबर यवतमाळलाच आधी. त्या महिन्याच्या मध्यास जिल्ह्यात पुन्हा निर्बंध आले, शाळा बंद झाल्या. याचा अर्थ असा की, येथील दुकानदारीला या रोगाशी जमवून घेण्यास, त्यातून शिकण्यास राज्यातील बहुतेक जिल्ह्यांपेक्षा अधिक अवधी मिळाला होता. तो कशात खर्च झाला?

तो मुख्यतः हात धुण्यात खर्च झाला. दुकानाच्या दाराशी सॅनिटायझरची बाटली, नोटांवर फवारा, सामानाच्या पुड्यांवर फवारा, काही ठिकाणी तर माणसांवरच फवारा. माणसांवर जंतुनाशक फवारणे निरुपयोगी आणि अपायकारक आहे, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १८ एप्रिल २०२० रोजीच बजावले होते. हात धुणे वाईट, असे कोण म्हणेल? नोटा मोजताना किंवा पिशवी उघडताना बोट जिभेला लावण्याची आपल्याकडील जुनी खोड त्या निमित्ताने काहीशी सुटली असेल, तर तेवढे पुण्य पदरात पडलेच. परंतु हा रोग पसरतो तो मुख्यत्वे श्वासावाटे, हवेतून. जुलै २०२० मध्ये जगातील २३९ शास्त्रज्ञांनी जागतिक आरोग्य संघटनेला जाहीर पत्र लिहून हवेतून होणाऱ्या प्रसाराची दखल घेण्याचा आग्रह धरला. संघटनेने हळूहळू, एप्रिल २०२१ च्या अखेरीस, आपल्या माहितीपत्रकात ती गोष्ट स्पष्ट शब्दांत मान्य केली. वस्तूला स्पर्श केल्याने लागण होण्याचा संभव दहा हजारांत एकाहूनही कमी आहे, असे अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राने त्याच महिन्यात सांगितले. म्हणजे ज्या दिवशी यवतमाळातला नोकर साखरेच्या पुडीवर फवारा मारीत होता, त्या दिवशी त्याला खरा धोका होता तो समोरच्या गिऱ्हाइकाच्या बोलण्याचा, मागच्या खोलीतील कोंदट हवेचा आणि शेजारी उभ्या असलेल्या, ताप लपविणाऱ्या सोबत्याचा.

सॅनिटायझरच्या या माहात्म्याचे दोन विपरीत परिणाम याच जिल्ह्याने पाहिले. ३१ जानेवारी २०२१ रोजी घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी येथे पोलिओ लसीकरणाच्या वेळी बारा बालकांच्या तोंडात लसीऐवजी सॅनिटायझरचे थेंब टाकले गेले. सुदैवाने ती बचावली. त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस वणी येथे, दारूची दुकाने बंद असताना सॅनिटायझर प्यालेले सात जण मरण पावले. या दोन्ही घटनांचा दुकानातील नोकराशी प्रत्यक्ष संबंध नाही, हे खरे. पण एक वस्तू घरोघर, टेबलाटेबलावर, कोणतीही समज न देता पोचविली की आरोग्यरक्षणाचे कर्तव्य संपले, या समजुतीची ती दोन टोके होती, एवढे त्यांवरून दिसते.

दुकानाच्या हवेचा विचार कोणी केला नाही, याला एक कारण असे की आपल्याकडील दुकान म्हणजे तीन बाजूंनी भिंत आणि चौथ्या बाजूस रस्ता. पुढची बाजू मोकळी असल्याने हवा खेळती असणार, असे वाटते. पण मागे माल रचलेला, वर पोटमाळा, खिडकी नाहीच किंवा असली तर पोत्यांनी बुजलेली. त्यामुळे पुढच्या चार हातांपलीकडे हवा हलतच नाही. त्यातच कित्येक दुकानदारांनी गिऱ्हाइक आणि आपण यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा पडदा टांगला. शिंक त्याने अडत असेल. पण उरलीसुरली हवाही अडली. आणि बंदीच्या वेळेनंतर जे चाले त्याविषयी तर न बोललेलेच बरे. अकरा वाजले की शटर अर्धे खाली. मागच्या दाराने गिऱ्हाइके आत, पोलिसांची गाडी गेली की बाहेर. मालकाचा धंदा बुडत होता, गिऱ्हाइकाला गरज होती आणि कायद्याला त्या दोघांचीही ओळख होती. मधल्या मध्ये बंद शटरआड दहा माणसांच्या श्वासात उभा राहिला तो नोकर. गर्दी टाळण्यासाठी केलेल्या आदेशाने गर्दी उघड्या रस्त्यावरून बंद खोलीत नेली, हा त्यातील विरोधाभास आदेश काढणाऱ्यांच्या लक्षात आला असेल काय, कोण जाणे.

हा धोका केवळ कल्पनेतील नव्हता. अमेरिकेतील बोस्टन शहरातल्या एका किराणा भांडारात मे २०२० मध्ये १०४ कर्मचाऱ्यांची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी २१ जण बाधित निघाले. म्हणजे पाचांत एक. या बाधितांपैकी तीन-चतुर्थांशांना कसलेही लक्षण जाणवत नव्हते, आणि ज्यांचा गिऱ्हाइकांशी समोरासमोर संबंध येई त्यांना बाधा होण्याचा संभव इतर सोबत्यांच्या सुमारे पाचपट आढळला. आपल्याकडे अशी मोजदाद झाली ती निराळ्या दृष्टीने. चेन्नईचा कोयंबेडू बाजार, नवी मुंबईचा वाशी येथील घाऊक बाजार ही रोगाची केंद्रे झाल्यावर मे २०२० मध्ये ती बंद ठेवावी लागली. अहमदाबादेत भाजीवाले व किराणा दुकानदार यांना ‘सुपर स्प्रेडर’ असे नाव देऊन त्यांच्या तपासण्या झाल्या. तपासणी झाली हे चांगलेच. पण शब्द पाहण्यासारखा आहे. बोस्टनमध्ये प्रश्न होता की, या माणसाला रोग कोठून होतो? येथे प्रश्न होता की, हा माणूस रोग कोणाला देतो? विक्रेता हा स्वतः रोगाचा बळी असू शकतो, ही गोष्ट त्या शब्दाने झाकली गेली.

लसीच्या बाबतीत हीच तऱ्हा झाली. जानेवारी २०२१ मध्ये आरोग्य कर्मचारी, फेब्रुवारीत पोलीस, महसूल व सफाई कर्मचारी, मार्चमध्ये साठीच्या वरचे आणि १ एप्रिलपासून पंचेचाळिशीच्या वरचे सर्व, असा क्रम केंद्र शासनाने लावला. लगेच ५ एप्रिलपासून राज्यात लागू झालेल्या आदेशात दुकानांचे मालक व नोकर यांनी केंद्राच्या निकषांनुसार लवकरात लवकर लस घ्यावी, असे सांगण्यात आले. घरपोच माल नेणाऱ्यांना तर, लस घेतलेली नसल्यास पंधरा दिवस ग्राह्य असलेला चाचणीचा अहवाल जवळ बाळगणे १० एप्रिलपासून बंधनकारक झाले. नसल्यास हजार रुपये दंड. आता दुकानातील नोकराचे वय काय असते? वीस, बावीस, फार तर तीस. ज्याला लस देण्यास शासन तयार नव्हते, त्याला लस का घेतली नाही म्हणून दर पंधरवड्याला नाकात काडी घालून घ्यावयाची होती किंवा दंड भरावयाचा होता. १ मेपासून १८ ते ४४ वयाच्या लोकांना लस खुली झाली ती नावापुरती; तुटवड्यामुळे महाराष्ट्रात अवघ्या बारा दिवसांत ती थांबवावी लागली आणि जूनच्या उत्तरार्धात पुन्हा सुरू झाली. पुढे १५ ऑगस्टपासून मॉल उघडले ते कर्मचाऱ्यांच्या दोन मात्रा पूर्ण असल्याच्या अटीवर. कोविशिल्डच्या दोन मात्रांमध्ये किमान ८४ दिवसांचे अंतर शासनानेच ठरविलेले. जूनच्या अखेरीस पहिली मात्रा घेतलेल्या मुलाची दुसरी सप्टेंबरच्या मध्याआधी होणार कशी, हा हिशेब चौथीतील विद्यार्थ्यालाही करता आला असता. परिणामी मुंबईतील कित्येक मॉल उघडल्यानंतर दोन दिवसांत पुन्हा मिटले आणि तेथील कर्मचारी घरी बसले.

सरकारी रास्त भाव दुकानांची कथा थोडी निराळी, परंतु उद्बोधक आहे. तेथे धान्य द्यावयाचे तर शिधापत्रिकाधारकाचा अंगठा यंत्रावर उमटवून घ्यावा लागतो. एकाच काचेवर दिवसभरात शेकडो अंगठे. मार्च २०२० मध्ये राज्याने ही सक्ती तात्पुरती उठविली आणि दुकानदाराच्या स्वतःच्या अंगठ्यावर धान्य देण्यास परवानगी दिली; दुसऱ्या लाटेतही तेच करावे लागले. एप्रिल २०२० पासून माणशी पाच किलो मोफत धान्याची योजना सुरू झाली होती. ती डिसेंबर २०२२ पर्यंत चालली. या सर्व काळात या दुकानांवरील झुंबड कधी हटली नाही. त्यांच्या संघटनांनी आरोग्य कर्मचाऱ्यांप्रमाणे आपल्यालाही पन्नास लाखांचे विमा संरक्षण मिळावे, अशी मागणी वारंवार केली. संघटना असल्यामुळे निदान मागणी तरी कानावर पडली. किराणा दुकानातील पुडी बांधणाऱ्याची संघटना कोठे आहे?

असे असता, त्याने मास्क नाकाखाली का घेतला, असे विचारणारे पुष्कळ होते. यवतमाळचा पारा एप्रिल-मेमध्ये चव्वेचाळीस अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या छपराखाली, मिरची-हळदीच्या पोत्यांमध्ये, गोंगाटात गिऱ्हाइकाला भाव ओरडून सांगणाऱ्या माणसाने घामाने भिजलेले फडके दहा तास नाकावर ठेवावे, ही अपेक्षा करणे सोपे आहे. पाणी प्यावे तर तो खाली करावा लागतो. न प्यावे तर भोवळ येते. मुलींच्या बाबतीत आणखी एक अडचण असे, तिचा उच्चारही कोणी करीत नाही: बाजारपेठेतील बहुसंख्य दुकानांत शौचालय नाही, म्हणून त्या मुळात पाणीच कमी पितात. स्वच्छतेचे फलक दारावर लावणाऱ्या दुकानात हात धुण्यास नळ नसे, ही तर नित्याची बाब.

या जिल्ह्याला हा सारा युक्तिवाद नवा वाटू नये. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर मरण पावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील खाटा त्या दिवसांत अशा रुग्णांनी भरल्या होत्या. तेव्हाही चर्चेचा बराचसा रोख मजुराने हातमोजे का घातले नाहीत, तोंडाला फडके का बांधले नाही, याच प्रश्नावर राहिला. माणसाच्या उंचीएवढ्या वाढलेल्या कपाशीत, दमट उकाड्यात, रोजंदारीवर फवारणाऱ्या मजुराला ती साधने कोणी द्यावयाची, ती त्या हवेत वापरता येण्याजोगी आहेत काय, विषारी मिश्रणे विकणाऱ्याचे व फवारून घेणाऱ्याचे कर्तव्य काय, हे प्रश्न मागे पडत गेले. पुढे साधनांच्या पिशव्या वाटल्या गेल्या. त्या पिशव्या आणि २०२० मधील सॅनिटायझरच्या बाटल्या यांत जातकुळीचा फरक नाही. आणि ज्या कृषी सेवा केंद्रांतून ही औषधे विकली जातात, तेथील नोकरांच्या वाट्याला तर मृगापूर्वी बियाणे-खतांची गर्दी व रोगाची साथ अशी दोन्ही संकटे एकदम आली. कीटकनाशकांच्या वासात वर्षभर उभे राहणाऱ्या या मुलांची फुप्फुसे कोणी तपासली आहेत काय?

साथ आणि धान्याचे दुकान यांचा संबंध तसा जुना आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले ते मांडवी भागात. आणि मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा, उंदरांचा आणि त्यांच्या शेजारी दाटीने राहणाऱ्या कष्टकऱ्यांचा भाग. त्या प्लेगमुळे १८९७ चा साथरोग कायदा आला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा शासनाला हवे ते नियम करण्याचा अधिकार देतो, ते मोडणाऱ्यास शिक्षा सांगतो आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यास संरक्षण देतो. धन्याने आपल्या नोकरासाठी काय करावे, याविषयी त्यात अवाक्षर नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात मध्य प्रांत व वऱ्हाड यांचा समावेश देशातील सर्वाधिक मनुष्यहानी झालेल्या प्रदेशांत झाला. त्याच वर्षी पावसाने दगा दिला आणि धान्य महागले. इतके होऊनही त्या कायद्याला हात लागला नाही. मार्च २०२० मध्ये राज्याने टाळेबंदीचे शस्त्र उपसले ते याच कायद्याच्या म्यानातून. त्यानंतर महिन्याभरात केंद्राने वटहुकूम काढून त्यात जी दुरुस्ती केली ती आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ले रोखण्यापुरती.

पण कामगाराच्या संरक्षणाचे खरे ठिकाण साथरोग कायदा नव्हेच. ते दुकाने कायद्यात असावयास हवे, आणि एके काळी ते होते. मुंबई राज्याच्या १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात कामाचे तास, आठवड्याची सुट्टी, भरपगारी रजा यांबरोबरच स्वच्छता, हवा, प्रकाश व आगीपासून संरक्षण यांविषयी स्वतंत्र कलमे होती. दुकानात दोन नोकर असोत की वीस, कायदा सारखाच लागू. तो नीट पाळला जात होता, असे कोणी म्हणणार नाही. दुकान-निरीक्षक आणि दुकानदार यांचे संबंध कसे असत, हे बाजारपेठेत वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरीही न पाळलेला कायदा आणि नसलेला कायदा यांत महत्त्वाचे अंतर असते: पहिल्याची आठवण करून देता येते. १९ डिसेंबर २०१७ पासून त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. दुकाने चोवीस तास उघडी ठेवण्याची मुभा, नोंदणीची सुलभता अशी त्याची वैशिष्ट्ये सांगितली गेली. त्यात स्वच्छता, खेळती हवा, पिण्याचे पाणी, शौचालय, वर्षाला आठ दिवसांची किरकोळ रजा हे सारे आहे. पण हे सारे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना. दहापेक्षा कमी कामगार असल्यास मालकाने केवळ आपल्या धंद्याची सूचना शासनास द्यावी, म्हणजे झाले.

यवतमाळच्या बाजारातून एक फेरफटका मारून दहा नोकर असलेली दुकाने मोजावीत. एखादे सुपर मार्केट, कपड्यांच्या मोठ्या पेढ्या, एखाद-दुसरे सराफी दुकान. दोन्ही हातांच्या बोटांपुढे फारशी मोजणी जाणार नाही. उरलेली सारी बाजारपेठ त्या दिवशी, एका कलमाच्या फटकाऱ्याने, स्वच्छतेच्या आणि रजेच्या कायद्याबाहेर गेली. त्यानंतर सव्वादोन वर्षांनी साथ आली. म्हणजे ज्या क्षणी दुकानातील हवेचा व आजारपणाच्या रजेचा प्रश्न जीवन-मरणाचा झाला, त्या क्षणी तो विचारण्यासाठी लागणारे कलमच हाती उरले नव्हते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा दहावरून वीस कामगारांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरपासून केंद्राची कामगार संहिता अमलात आली. तिच्यातील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याच्या तरतुदीही सामान्यतः दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठीच आहेत. साथीतून शासनाने जो धडा घेतला तो हा.

लहान दुकानदाराची बाजू येथे ऐकून घ्यावयास हवी, कारण ती पोकळ नाही. तोही गल्ल्यावर बसूनच होता. त्यालाही लागण झाली आणि कित्येक जण त्यात गेलेही. गिऱ्हाइकांची उधारी थकलेली, घाऊक व्यापाऱ्याचा तगादा चालू, ऑनलाइन विक्रीची व बड्या साखळी दुकानांची स्पर्धा दारात येऊन ठेपलेली. अशा माणसाच्या डोक्यावर नोंदवह्या आणि निरीक्षक बसवू नयेत, हे म्हणणे समजण्यासारखे आहे. लहान धंद्याला कागदपत्रांतून सूट अवश्य द्यावी. पण सूट कागदाची आणि सूट हवेची या एकच गोष्टी नव्हेत. दोन नोकरांच्या दुकानातील विषाणू वीस नोकरांच्या दुकानातील विषाणूपेक्षा सौम्य असतो, असे कोणत्याही वैद्यकाने सांगितलेले नाही. उलट लहान जागेत, तोच सोबती आणि तीच कोंदट खोली असताना धोका वाढतो. कायद्याने मोजावयाचे असेल तर माथी न मोजता जागा मोजावी, तीत हवा कोठून येते व कोठून जाते ते पाहावे.

प्रत्यक्ष जे करावयाचे ते फार खर्चाचे नाही. पोत्यांनी बुजलेली खिडकी मोकळी करणे आणि तीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसविणे. बाजारओळीत नगरपरिषदेने स्त्रियांसाठी वेगळे, पाणी असलेले शौचालय बांधणे. साथीच्या काळात वेळ कमी करण्याऐवजी वाढविणे, म्हणजे गर्दी पसरेल. वातानुकूलित दुकानांत बाहेरची हवा आत घेण्याची सोय असल्याशिवाय परवाना देऊ नये. यांतले शेवटचे सोडल्यास बाकी कशालाही नवा कायदा लागत नाही.

कठीण आहे ती आजारपणाची रजा. ताप असूनही नोकर कामावर येतो, कारण न आल्यास रोज बुडतो, आणि चार दिवस न आल्यास त्याच्या जागी दुसरा मुलगा उभा राहतो. बोस्टनच्या तपासणीत ज्यांना लक्षणे नव्हती त्यांना दोष देता येत नाही. आपल्याकडे लक्षणे असलेलाही ती लपवितो, यात त्याचा दोष किती आणि पगाराच्या पद्धतीचा किती? पंधरा दिवसांचा पगार एकट्या लहान दुकानदाराने सोसावा, असे म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे होईल. परंतु महाराष्ट्राजवळ याचे उत्तर पूर्वीपासून आहे. धान्यबाजारातील हमालाला एक मालक नसतो. आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर. म्हणून १९६९ च्या माथाडी कायद्याने व्यापारी व हमाल यांची मिळून मंडळे काढली, मजुरीवर ठराविक टक्के लेव्ही व्यापाऱ्यांकडून घेतली आणि तीतून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधोपचार यांची तरतूद केली. १९८१ मध्ये खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी याच वळणाचा कायदा झाला. आस्थापना किती मोठी, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही, कारण कामगार दुकानाच्या नावे न नोंदविता मंडळाच्या नावे नोंदविला जातो.

दुकानातील नोकरांसाठी असे जिल्हा मंडळ काढावयाचे झाल्यास पहिली अडचण त्यांच्या मोजदादीची येईल. यवतमाळात व्यापाऱ्यांच्या संघटना आहेत, त्यांच्या सभासदांची यादी आहे, नगरपरिषदेजवळ गाळ्यांची व कराची नोंद आहे. त्या गाळ्यांतून रोज सकाळी शटर उचलणाऱ्या मुलांची नावे कोणत्याही एका कार्यालयात एकत्र सापडत नाहीत. ती गोळा करण्याचे काम जिल्हा कामगार कार्यालय, नगरपरिषद आणि व्यापारी संघटना यांनी मिळून एखाद्या तालुक्यात, समजा पुसद किंवा वणीत, करून पाहावयास हरकत नाही. त्यासाठी पुढची साथ येईपर्यंत थांबण्याचे कारण दिसत नाही.